काळ दिसतो, ऐकू येतो की नुसता कळतो? इंद्रियानुभव आणि काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न कुठल्याही क्रमानं वाचलेत तरी चालेल, फक्त तिसरा सोडू नका, कारण या विषयातली निम्मी भांडणं तिथेच अडकलेली आहेत.

१. मुळात भानगड काय आहे?

रंग डोळ्यांना कळतो, आवाज कानांना, वास नाकाला. काळाला असं कुठलंच इंद्रिय नाही. त्याला रंग नाही, आवाज नाही, तो गरम नाही की गार नाही. तरीपण गाणं चालू असलेलं ऐकू येतं, पक्षी उडताना दिसतो, चटका अजून जळजळतोय हे त्वचेला कळतं, म्हणजे ज्याच्यासाठी इंद्रिय नाही तो प्रत्येक इंद्रियाच्या अनुभवात आधीच येऊन बसलेला आहे. आता तो तिथे बाहेरून आला, का मनानं घातला, का नुसत्या बदलालाच आपण काळ म्हणतोय, यावर दोन हजार वर्षांहून जास्त वाद चालू आहे आणि अजून मिटलेला नाही.

२. बदल दिसला म्हणजे काळ दिसला, एवढं सोपं नाही का हे?

बऱ्याच मोठ्या लोकांचं उत्तर साधारण हेच होतं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा की आधी आणि नंतर या हिशेबानं गतीची जी मोजणी होते ती म्हणजे काळ. आणि त्यानं एक भारी गोष्ट नोंदवून ठेवलीय: अंधार आहे, शरीराला काहीच जाणवत नाहीये, पण मनात काहीतरी हललं की लगेच आपल्याला वाटतं वेळ गेला. म्हणजे बदल बाहेरचाच पाहिजे असं नाही. पुढे त्यालाच शंका आली की मोजणारं कुणी नसेलच तर काळ असेल का, आणि ती शंका त्यानं पूर्ण सोडवली असं मला तरी वाटत नाही.

इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकनं सतराव्या शतकाच्या शेवटी सांगितलं की मनात कल्पना एकामागून एक येत राहतात, त्या रांगेकडे लक्ष गेलं की कालावधीची कल्पना तयार होते. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनं 1739 मध्ये बासरीचं उदाहरण दिलं. पाच सूर वाजले तर कानावर पाचच संवेदना येतात, काळ नावाची सहावी संवेदना वेगळी येत नाही. काळ म्हणजे ते पाच सूर ज्या पद्धतीनं येतात ती पद्धत. मला हे उदाहरण फार आवडतं, पण त्यात एक मोठं भोक आहे.

३. अनुभव एकामागून एक आले की क्रम आपोआप कळतोच ना?

नाही कळत. हेच ते भोक.

समजा पहिला सूर आला आणि गेला, पूर्ण पुसला गेला, मग दुसरा आला. दुसऱ्याच्या वेळी पहिल्याचं काहीच शिल्लक नसेल तर तुम्हाला दर वेळी फक्त एकटा सूर ऐकू येईल, चाल कधीच ऐकू येणार नाही. आता उलटं करा, पहिला सूर तसाच्या तसा शिल्लक राहिला, दुसराही राहिला, तिसराही. मग चाल नाही, सगळे सूर एकदम वाजल्याचा गोंगाट. म्हणजे पहिला सूर राहायलाही पाहिजे आणि 'गेलेला' म्हणूनच राहायला पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं 1890 मध्ये हा मुद्दा नेमका पकडला: जाणिवांची रांग असणं आणि रांगेची जाणीव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1781 मध्ये याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. घर बघताना नजर आधी छपरावर जाते मग पायावर, किंवा उलट. अनुभव एकामागून एक आले, पण छप्पर आणि पाया एकाच वेळी आहेत हे तुम्हाला माहीत असतं. नदीत प्रवाहाबरोबर जाणारी नाव बघताना मात्र ती आधी वर आणि मग खाली हा क्रम तुम्ही बदलू शकत नाही. दोन्हीकडे अनुभव रांगेतच आले, तरी एकीकडे रांग फक्त तुमच्या बघण्याची आहे आणि दुसरीकडे ती वस्तूची आहे. नुसत्या संवेदना चाळून हा फरक सापडत नाही. त्यासाठी मनाकडे कार्यकारणाचा नियम आधीच असावा लागतो, असं कांटचं म्हणणं.

म्हणून दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवायच्या: अनुभवाला लागणारा काळ, आणि अनुभवात दिसणारा काळ. लाल रंगाचा अनुभव स्वतः लाल नसतो हे सगळ्यांना लगेच पटतं, पण दोन सेकंदांच्या आवाजाचा अनुभव स्वतः दोनच सेकंद चालला पाहिजे असं मात्र आपण न विचारता धरून चालतो. कदाचित तसं असेलही, पण ते सिद्ध करावं लागेल.

४. मग 'आत्ता' केवढा असतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ख्रिस्ती संत ऑगस्टिननं इसवी सन 400 च्या आसपास तो पार टोकाला नेला. भूतकाळ गेला, भविष्य आलं नाही, आणि वर्तमानाला लांबी दिली तर त्याचेही गेलेला आणि येणारा असे तुकडे पडतात, म्हणजे वर्तमान हा बिंदू झाला. मग आपण मोजतो काय? एक स्तोत्र म्हणताना ऱ्हस्व आणि दीर्घ अक्षरं आपल्याला बरोबर कळतात, पण दीर्घ अक्षर संपल्याशिवाय मोजता येत नाही आणि संपलं की ते नसतं. त्याचं उत्तर असं की आपण अक्षर मोजत नाही, त्यानं मनावर जो ठसा ठेवला तो मोजतो. काळ म्हणजे मनाचं ताणलं जाणं, मागे स्मृतीकडे, पुढे अपेक्षेकडे.

आपल्याकडे न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, हाच पेच फळाच्या उदाहरणानं येतो. फळ देठापासून सुटून पडतंय. वरचं अंतर पडून झालेलं, खालचं अजून पडायचं, मध्ये तिसरं अंतरच नाही, मग वर्तमान कुठे आहे? पूर्वपक्ष (म्हणजे समोरच्याचा आक्षेप) इतका चोख मांडलाय की वाचताना आपण त्याच्याच बाजूनं होतो. नैयायिकांचं (न्याय दर्शनवाल्यांचं) उत्तर असं की वर्तमान अंतरावर मोजूच नका, 'पडणं' ही क्रिया चालू आहे तोवर वर्तमान आहे. आणि त्याला जोडून जो घाव घातलाय तो माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी मुद्दा आहे: वर्तमानच नाही म्हणाल तर प्रत्यक्षच, म्हणजे इंद्रियांनी थेट होणारं ज्ञानच, उरत नाही. इंद्रियाचा संबंध आत्ता असलेल्या वस्तूशीच येतो, झालेल्या किंवा होणाऱ्या वस्तूशी येत नाही. प्रत्यक्ष गेलं की त्यावर उभं असलेलं अनुमान (खुणेवरून काढलेलं ज्ञान), शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं), सगळंच गेलं. म्हणजे इथे काळावरून अनुभव सिद्ध केलेला नाही, अनुभव होतोय यावरून वर्तमान सिद्ध केलंय.

जेम्सचा वर्तमान धारदार बिंदू नाही, त्याला जाडी आहे, आणि ती जाडी त्यानं काही सेकंदांपासून फार तर मिनिटभरापर्यंत धरली. तत्त्वज्ञ हुसर्लनं 1905 च्या व्याख्यानांत (ती छापून आली 1928 ला) जास्त बारीक कीस काढला. दर क्षणाच्या जाणिवेत तीन पदर असतात, आत्ताचा ठसा, नुकतंच गेलेलं धरून ठेवणं, आणि येणाऱ्याकडे झुकणं. हे धरून ठेवणं म्हणजे आठवणं नाही बरं का. कालचं गाणं आठवायला ते पुन्हा मनात आणावं लागतं, पण चालू गाण्यातला मागचा सूर आणावा लागत नाही, तो अजून सुटलेलाच नसतो.

आजही तीन गट आहेत. एक म्हणतो अनुभव स्वतःच थोडा लांब असतो, त्याच्या आत क्रम मावतो. दुसरा म्हणतो अनुभव क्षणाचाच, पण त्यात लांबीचं चित्र असतं. तिसरा म्हणतो अनुभवात क्रम बिम काही नसतो, स्थिर चित्रं आणि पटकन काम करणारी स्मृती, बस. मला तिसऱ्यांचं पटत नाही, कारण पुढचा प्रश्न.

५. हलताना दिसणं आणि हललं हे कळणं, फरक काय त्यात?

घड्याळाकडे बघा. सेकंद काटा सरकताना दिसतो. तास काटा सरकताना कधीच दिसत नाही, तो सरकलाय एवढं कळतं. इंग्लिश तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉडनं 1923 मध्ये हे उदाहरण दिलं. नुसती आठवण आणि तुलना यावरच सगळं चालत असतं तर दोन्ही काट्यांचा अनुभव एकाच जातीचा असायला हवा होता, आणि तो तसा नाही हे बघायला कुठलंही पुस्तक लागत नाही.

1983 मध्ये डॉक्टरांनी एका बाईंची केस नोंदवली होती. मेंदूला इजा झाल्यावर त्यांना रंग दिसायचे, आकार दिसायचे, वस्तू ओळखता यायच्या, पण हालचाल दिसायची नाही. ओतलं जाणारं पातळ थिजल्यासारखं दिसायचं, लांबची गाडी एकदम जवळ उभी असायची. पण आवाजातली आणि स्पर्शातली हालचाल मात्र त्यांना कळायची. म्हणजे बंद पडलं ते डोळ्यांचं हालचाल बघणं, त्यांचा काळ काही थांबला नव्हता.

६. भारतीय दर्शनांत काळ प्रत्यक्ष आहे की अनुमानानं कळतो?

कुणाला विचारताय त्यावर आहे. 'भारतीय तत्त्वज्ञान म्हणतं की काळ माया आहे' अशी एका ओळीची वाक्यं फिरत असतात, त्यांच्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

वैशेषिक (न्याय दर्शनाच्या जवळचं दर्शन) काळाला स्वतंत्र द्रव्य मानतात, एक, नित्य, सगळीकडे व्यापून असलेलं. पण त्याला रूप नाही म्हणून तो डोळ्यांना दिसणार नाही, तर मग तो खुणांवरून ओळखायचा: हे आधीचं, हे नंतरचं, हे एकदम झालं, हे सावकाश, हे झटकन. असले अनुभव सगळ्यांना येतात, त्यांना काहीतरी कारण पाहिजे, ते कारण म्हणजे काळ. थोडक्यात अनुमान.

भाट्ट मीमांसकांना (कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्यांना) हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं काळ प्रत्यक्षच कळतो, फक्त एकटा कधी कळत नाही, कुठल्यातरी वस्तूचं विशेषण म्हणून कळतो. 'आत्ता घडा आहे' यातलं 'आत्ता' तुम्ही तर्क करून काढलंत का? नाही ना. अद्वैतवाल्यांच्या सतराव्या शतकातल्या वेदान्तपरिभाषेत हा मुद्दा एकदम अनपेक्षित जागी येतो. एकाच घड्याकडे सलग बघत राहिलात तर दुसऱ्या क्षणाच्या ज्ञानात नवीन काय? वस्तू तर तीच. उत्तर असं की रूप नसलेला काळसुद्धा इंद्रियांना कळतो असं मानलंय, त्यामुळे प्रत्येक ज्ञानात आपापला क्षण असतो आणि तेवढं ते नवीन असतं. आता आठवा, ह्यूम म्हणत होता बदल नसेल तर काळ कळत नाही. इथे समोर काहीच बदलत नाहीये तरी काळ कळतोय. या दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर मजा आली असती.

योगसूत्रांवरचं व्यासभाष्य तिसरंच म्हणतं. क्षण खरा, पण दोन क्षण कधी एकत्र नसतात, म्हणून त्यांचा ढीग (तास, दिवस, रात्र) म्हणजे बुद्धीनं रचलेला, त्यामागे वस्तू नाही. बौद्ध क्षणिकवाद्यांचं (सगळं क्षणभरच टिकतं म्हणणाऱ्यांचं) तर वस्तू हीच क्षणाची, वेगळा काळ हवा कशाला.

७. प्रकाशाला वेळ लागतो, म्हणजे आपण कायम भूतकाळच बघतो का?

सूर्याचा प्रकाश यायला साधारण 8 मिनिटं 20 सेकंद लागतात, ताऱ्यांचा तर वर्षानुवर्षं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. आणि शरीराच्या आतही उशीर आहेच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1850 च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूत संदेशाचा वेग मोजला, तो सेकंदाला साधारण तीस मीटर एवढाच निघाला, त्याआधी लोकांना वाटायचं की हे मोजण्याइतकं हळू असूच शकत नाही. तेव्हा हो, बघितलेली घटना बघण्याच्या आधी घडलेली असते.

पण यावरून 'आपल्याला भूतकाळ दिसतो' असं म्हणताना जरा थांबा. घटना जुनी असणं एक आणि ती जुनी म्हणून दिसणं दुसरं. तारा आत्ताचाच दिसतो, जुनेपणा गणितानं कळतो.

बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीला हा प्रश्न प्रकाशाचा वेग वगैरे काहीही माहीत नसताना पडला होता. वस्तू क्षणभर टिकते, तिनं ज्ञान निर्माण करेपर्यंत ती गेलेली असते, मग वेगळ्या काळातली वस्तू ज्ञानाचा विषय कशी होणार? त्याचं उत्तर: ज्ञानात स्वतःचा आकार उमटवणारं कारण असणं, यालाच विषय असणं म्हणायचं. वस्तू आणि ज्ञान एकाच वेळी असलेच पाहिजेत ही अटच त्यानं काढून टाकली. नैयायिकांच्या वरच्या उत्तराशी याचा थेट खटका उडतो.

८. डोळे आणि कान एकाच टायमिंगवर चालतात का?

नाही. आवाजाला प्रतिसाद द्यायला प्रकाशापेक्षा साधारण तीस-चाळीस मिलिसेकंद कमी लागतात, म्हणजे बाहेर प्रकाश पुढे आणि आत कान पुढे. तरी जवळच्या माणसाचे ओठ आणि शब्द जुळलेलेच वाटतात, कारण मेंदू थोडा फरक पोटात घालतो.

यावरून एकाची नोकरी गेलीय. ग्रीनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतली तार ओलांडताना डोळ्यांनी बघायचा आणि घड्याळाचे ठोके कानांनी मोजायचे अशी पद्धत होती. प्रमुख खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन आणि सहायक किनेब्रूक यांच्या नोंदींत 0.8 सेकंदाचा फरक यायला लागला आणि 1796 मध्ये किनेब्रूकला काढलं. नंतर जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं तपासलं तर असा फरक तरबेज निरीक्षकांमध्येही सापडला. डोळ्यांचा आणि कानांचा क्षण जुळवायची प्रत्येकाची रीत वेगळी असते.

नैयायिकांनी तर 'एकदम' या अनुभवावरच संशय घेतलाय. मन अणूएवढं, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून दोन ज्ञानं एकाच वेळी होतच नाहीत, फक्त इतक्या झटपट होतात की एकदम झाल्यासारखी वाटतात. कोलीत गरगर फिरवलं की आगीचं चक्र दिसतं तसं.

९. मेंदू अनुभव नंतर एडिट करतो म्हणतात, ते खरंय का?

प्रयोग खरे आहेत, अर्थ लावण्यावर भांडण आहे. 1976 चा कोलर्स आणि फॉन ग्र्युनाऊ यांचा प्रयोग घ्या. एका जागी लाल ठिपका चमकतो, लगेच शेजारी हिरवा. लोकांना एकच ठिपका सरकताना दिसतो आणि मधल्या वाटेत तो लालचा हिरवा होतो. आता हिरवा यायच्या आधीच मध्ये हिरवा कसा दिसला? तसंच 1972 चा गेल्डार्ड आणि शेरिक यांचा प्रयोग, मनगटावर आणि मग कोपराजवळ भराभर टिचक्या मारल्या तर मधल्या भागावर, जिथे कुणी हातही लावला नाही तिथे, टुणटुण उड्या जाणवतात.

एक म्हणणं, मेंदू थांबतो, सगळं जुळवतो, मग दाखवतो. दुसरं, आधी वेगळंच दिसलं होतं पण आठवण लगेच बदलली. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेटचं म्हणणं असं की या दोन्हींत फरक करायला जागाच नाही, कारण अनुभव नेमका कुठल्या मिलिसेकंदाला 'झाला' याला उत्तर नाही. मला हे पूर्ण पटत नाही, पण तिसऱ्या प्रश्नातला फरक त्यानं फार नीट वापरलाय: मेंदूनं शेवटचा हिरवा आधी नोंदवला म्हणून तो मधल्या वाटेच्या आधी दिसलाच पाहिजे असं नाही.

१०. अपघाताच्या वेळी सगळं स्लो मोशनमध्ये दिसतं, खरंच?

वाटतं खरं. 2007 मध्ये स्टेट्सन, फिएस्टा आणि ईगलमन यांनी लोकांना 31 मीटरवरून जाळीत पाडलं, मनगटावर भराभर बदलणारे आकडे लावून. खरंच स्लो मोशन असेल तर ते आकडे वाचता यायला पाहिजेत. नाही आले. पण स्वतःचं पडणं लोकांना दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के लांब वाटलं. म्हणजे नजर जलद झाली नाही, लांबी बहुतेक आठवणीत वाढली.

११. इंद्रियांना बाहेरचं काही मिळालंच नाही तर काळाचं काय होतं?

1962 मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं 20 ऑगस्ट होता. म्हणजे जवळजवळ महिनाभर हिशेबातून गळाला, पण 'वेळ जातोय' ही जाणीव काही गळली नाही. माप बिघडतं, क्रम टिकतो.

१२. आइन्स्टाइननंतर हे सगळं फिजूल नाही का झालं?

1905 च्या त्याच्या सापेक्षता सिद्धांतानंतर एवढं नक्की झालं की लांबच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या का याचं सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. त्यामुळे माझं 'आत्ता' अख्ख्या विश्वाला लावता येत नाही. पण माझं 'आत्ता' मला असं का जाणवतं, याला ते उत्तर नाही. 6 एप्रिल 1922 ला पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले. बर्गसाँचं म्हणणं की जगलेला काळ एकमेकांत मुरत जातो, घड्याळ त्याचे शेजारी शेजारी ठेवलेले तुकडे दाखवतं. आइन्स्टाइन म्हणाला, तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नसतोच, फार तर मानसिक काळ असतो. बर्गसाँनं सापेक्षतेच्या गणितात हात घालायला नको होता, पण 'मानसिक' म्हटलं की प्रश्न मिटला हेही काही खरं नाही.

१३. मग काळ 'वाहतो' हे आपल्याला इंद्रियांनी कळतं का?

माझ्या मते नाही. इंद्रियांना कळतो तो आधी-नंतरचा क्रम, हालचाल, टिकून राहणं. इंग्लिश तत्त्वज्ञ मॅक्टॅगर्टनं 1908 मध्ये दोन रांगा वेगळ्या केल्या होत्या: एक आधी-नंतरची, जी कधी बदलत नाही, आणि दुसरी भूत-वर्तमान-भविष्याची, जी सतत सरकते. सेकंद काटा बघताना पहिली दिसते. दुसरी 'दिसते' असं म्हणणाऱ्यानं सांगावं की ती न सरकणाऱ्या जगात अनुभव वेगळा कसा असता. मी बऱ्याच जणांना विचारलंय, उत्तर म्हणून पुन्हा हालचालीचंच उदाहरण येतं.

१४. उदाहरणं कायम सुरांचीच का? वास, स्पर्श कुठे गेले?

सोय म्हणून. सुराला सुरुवात आणि शेवट ठळक असतो. वास कधी सुरू झाला हेच धड सांगता येत नाही, आणि दोन वास मागे-पुढे आले तर क्रम लावताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. हुसर्लनं वासावरून सुरुवात केली असती तर त्याचे तीन पदर इतके सुबक निघाले असते का, शंकाच आहे.

१५. गाढ झोपेत काळ कळतो का?

अ‍ॅरिस्टॉटलनं सार्डिनिया बेटाची दंतकथा सांगितलीय, तिथे वीरांच्या शेजारी झोपलेले लोक उठल्यावर झोपेआधीचा 'आत्ता' आणि नंतरचा 'आत्ता' एकच समजायचे, मधलं गायब. त्याच्या मते हेच अपेक्षित आहे, बदल जाणवला नाही म्हणजे काळही जाणवला नाही. वेदान्ती इथे अडवतात. उठल्यावर माणूस म्हणतो 'छान झोपलो, काही कळलं नाही', हे आठवणीसारखं आहे, आणि अनुभव नसेल तर आठवण कशाची? म्हणून झोपेतही साक्षी (आतून बघणारी जाणीव) होता. नैयायिक म्हणतात ती आठवण नाहीच, उठल्यावर शरीर ताजंतवानं वाटतं त्यावरून केलेलं अनुमान आहे. मला नैयायिकांचं जास्त पटतं, पण 'किती वेळ झोपलो' याचा अंदाज घड्याळ न बघता बऱ्याचदा बरोबर येतो, तो कुठल्या खुणेवरून, हे त्यांना विचारायला पाहिजे.